नात्याच्या रकान्यात काय लिहायचं? महिला कारागृहातल्या दोघींचं प्रकरण

नावं, गावं आणि नातलगांचे तपशील बदलले आहेत. घटनांचा आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवलाय, कारण चूक कुठे झाली ते त्या क्रमातच दिसतं. चूक बरीचशी माझी होती.

मी आठवड्यातून दोनदा मुंबईतल्या महिला कारागृहात जाते. हुद्दा समाजकार्यकर्तीचा. काम निरोप्याचं: कोर्टाचा निरोप आत, आतला निरोप घरी, आणि घर फोन उचलत नसेल तर तोही निरोप आत. आमच्यासारख्यांना आत पाऊल ठेवता येतं त्यामागे या शहरातलीच एक जुनी गोष्ट आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८३ साली त्यावर निकाल आला आणि अटकेतल्या बायकांपर्यंत मोफत वकील पोहोचवण्याची व्यवस्था त्यात घालून दिली गेली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला आणि कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. नंदाला तो मिळाला होता. जामीनही मिळाला होता. तरी ती पुढे अकरा महिने आतच होती.

पार्श्वभूमी

नंदा, वय ३२, जालना जिल्ह्यातली. नवऱ्याने दुसरं घर केलं तेव्हा मुलीला घेऊन मुंबईत आली आणि पश्चिम उपनगरातल्या एका घरी चोवीस तासांच्या कामाला लागली. स्वयंपाक, घरातल्या आजीचं औषधपाणी, रात्री पॅसेजमध्ये मायलेकींची गादी. जानेवारी २०२२ मध्ये त्या घरातून दोन बांगड्या आणि एक साखळी गेल्याची तक्रार झाली. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३८१, नोकराने मालकाकडे केलेली चोरी, शिक्षा सात वर्षांपर्यंत. नंदाचं म्हणणं असं की तीन महिन्यांचा पगार थकला होता आणि तो मागितल्यावर हे सुरू झालं. खरंखोटं न्यायालय ठरवेल.

अटक झाली आणि राहायची जागाही त्याच क्षणी गेली, कारण मालकाचं घर हेच तिचं घर होतं. मुलगी, चिमी, साडेचार वर्षांची. तिला ठेवायला शहरात एकही माणूस नव्हतं म्हणून ती आईबरोबर आत आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालाप्रमाणे मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. चिमी एकटी नव्हती. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांमध्ये २३,७७२ बायका होत्या. त्यांतल्या १,५३७ जणींजवळ मिळून १,७६४ मुलं होती.

शालनमावशी, वय ५८, लालबागच्या चाळीतल्या, मूळच्या मालवणकडच्या. लग्न १९८२ च्या गिरणी संपाच्या दिवसांतलं. नवऱ्याची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही, आणि मावशींनी डबे करून तीस वर्षं घर चालवलं. सुनेच्या मृत्यूच्या प्रकरणात त्या आणि त्यांचा मुलगा दोघे आरोपी: हुंडाबळी आणि छळ, कलम ३०४ ब आणि ४९८ अ. मुलगा पुरुषांच्या तुरुंगात, मावशी इथे. जामीन दोनदा फेटाळलेला. बाहेर होती एक विवाहित मुलगी. ती पालिकेच्या रुग्णालयात कायमस्वरूपी आया होती. मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, येणारी तीच, आणि मनीऑर्डर पाठवणारीही तीच.

आत बाईला आधी केसवरून ओळखतात. चोरीची, हुंड्याची, पिटाची (म्हणजे वेश्याव्यवसायविरोधी कायद्याची). हुंड्याच्या केसमधल्या सासवांकडे नव्या मुली जरा लांबूनच बघतात, कारण त्यांतल्या बऱ्याच जणी स्वतः कुणाच्या तरी सुना असतात. नंदाही लांबच राहिली असती. पण नव्या बाईला अंथरूण टाकायला जागा मिळते ती संडास-बाथरूमच्या कडेला, आणि तिथल्या ओलीत चिमीला खोकला झाला. चौथ्या रात्री मावशींनी आपली सतरंजी अर्धा हात सरकवली आणि पोरीला भिंतीकडे घेतलं. बदल्यात सकाळी नंदाने त्यांच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून आणल्या, कारण मावशींच्या कमरेला वजन सोसत नव्हतं. सुरुवात ही अशी, बादलीपासून झाली. पुढे मावशींच्या कॅन्टीनच्या पैशातून चिमीसाठी बिस्किटं यायला लागली आणि कपडे धुण्याचं काम आपोआप नंदाकडे गेलं. मावशी हिशेब तोंडपाठ ठेवायच्या. नंदालाही तो ठाऊक होता. यावरून कुणी ही मैत्री कमअस्सल ठरवू नये. चाळीतल्या शेजारणी वाटीभर साखरेचा हिशेब ठेवत नाहीत असं ज्याला वाटतं तो चाळीत राहिलेला नाही.

एका संध्याकाळची गोष्ट लिहून ठेवते. नंदाची तारीख होती. रात्रीचं जेवण बंदीच्या, म्हणजे बॅरकला कुलूप लागण्याच्या, आधीच वाटून होतं, दिवस असतानाच. कोर्टाची गाडी मात्र त्या दिवशी साडेआठला परतली. बॅरकमध्ये आल्यावर नंदाला दिसलं ते असं: तिचं ताट दुसऱ्या ताटाखाली झाकलेलं. डाळ पाण्यासारखी म्हणून तिच्यात कॅन्टीनचं फरसाण चुरून घातलेलं. चपात्या ओढणीत गुंडाळून मावशींच्या मांडीखाली, ऊब राहावी म्हणून. चिमी झोपलेली, दोन घट्ट वेण्या घातलेली, डोक्याला तेलाचा वास. मावशी जाग्या होत्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, “उभी केली का पुढ्यात, की गाडीतच बसवून ठेवलीन?”

त्या दिवशी नंदाच्या अंगावर मावशींची जांभळी साडी होती. शिक्षा झालेल्या बायका हिरव्या साडीत असतात. कच्च्या, म्हणजे खटला चालू असलेल्या, कैद्यांना आपले कपडे घालता येतात. त्यामुळे बॅरकमध्ये प्रत्येकीची नाही तरी पाच-सहा जणींत मिळून एक ‘कोर्टाची साडी’ असते. जिची तारीख, तिच्या अंगावर ती. न्यायाधीशांपुढे बाई नीटनेटकी दिसावी, एवढाच हेतू.

अडचण

एप्रिल २०२२ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी नंदाला जामीन दिला: १५,००० रुपये आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. नंदाने हे व्हीसीवर, म्हणजे तुरुंगातूनच व्हिडिओवर, ऐकलं. तिच्या कानात ‘मंजूर’ हा शब्द राहिला. ती वाट बघत बसली की आता कुणीतरी न्यायला येईल. जूनमध्ये मी विचारलं, जामिनाचं काय झालं? ती म्हणाली, “ताई, कागद तं माझ्या पिशवीत हाये.” दोन महिने आदेश प्लास्टिकच्या पिशवीत, चिमीच्या लसीकरणाच्या कार्डाखाली होता.

जामीनदार म्हणजे नुसता ओळखीचा माणूस नव्हे. त्याच्याकडे रेशनकार्ड हवं, पगाराची स्लिप किंवा मालमत्तेचा कागद हवा, पडताळणीला पोलीस घरी आले तर शेजाऱ्यांदेखत दार उघडायची तयारी हवी, आणि कोर्टात दोन-तीन खाडे करायची ऐपत हवी. तो मुंबईतला असला तर काम सरळ. बाहेरचा असेल तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, त्याची पडताळणी, आणि मग पुन्हा तारीख. मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे परजिल्ह्यातले जामीनदार नाकारले गेले तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रथेवर कडक ताशेरे ओढले होते. ते साल १९७८. प्रथा टिकून आहे.

आणखी एक मुदत सतत डोक्यात होती. जुलै २०२३ मध्ये चिमी सहा वर्षांची होणार होती. तोवर नंदा सुटली नाही तर मुलगी एखाद्या नातेवाईकाकडे किंवा बालकल्याण समितीमार्फत संस्थेत जाणार. नातेवाईक म्हणजे गावचा भाऊ, आणि तो पत्राला उत्तर देत नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तोच भाऊ. गावच्या सरपंचामार्फत निरोप गेला आणि तो एकदा आला, ऑक्टोबरमध्ये, सातबारा घेऊन. सातबाऱ्यावर चार नावं, वाटणी न झालेली. कोर्टात सांगितलं, तहसीलचा दाखला आणा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तो दोन रोज पाडून आला होता. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याने मला विचारलं, “मॅडम, पुन्हा यावंच लागतं का?” मी हो म्हटलं. तो आला नाही. मला त्याचा राग येत नाही.

दुसरा पर्याय, अटच बदलून मागायची: जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय तिच्या स्वतःच्या हमीवर, सोडा, नाहीतर जामीनदाराऐवजी रोख रक्कम घ्या. कायद्यात दोन्हीला जागा आहे. वकीलबाईंनी सप्टेंबरमध्ये जातमुचलक्याचा अर्ज केला. मुंबईत कायमचा पत्ता नाही, फरार होण्याची शक्यता, म्हणून तो नामंजूर झाला. पत्ता नाही, कारण आरोप पत्त्याच्याच मालकाने केलेला. यातला विनोद नंदाच्या आधी मावशींच्या लक्षात आला आणि त्या मोठ्याने हसल्या.

तिसरा, भाड्याचा जामीनदार. कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीपाशी उभं राहिलं की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं, “जामीन पाहिजे का?” एकच माणूस वेगवेगळ्या रेशनकार्डांवर वेगवेगळ्या कोर्टांत उभा राहतो. पकडला गेला तर जामीन रद्द आणि वर आणखी एक गुन्हा. याचा विचार आम्ही केला नाही. आतल्या दोघी-तिघींनी नंदाला तो सुचवला होता हे इथे नोंदवते, कारण आतून बघताना तो सगळ्यांत सोपा रस्ता दिसतो.

चौथा पर्याय नोव्हेंबरमध्ये समोर आला, तो मावशींच्या तोंडून.

पहिला निर्णय: मी नाही म्हटलं

मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही तिघी बसलो होतो. मावशी आपल्या मुलीबद्दल म्हणाल्या, “माझ्या चेडवाक सांगतंय. ती रवतली उभी. पालिकेची पगाराची चिठ्ठी आसा तिच्याकडे, आणखी काय व्हया?”

कागदावर याहून चांगला जामीनदार मिळाला नसता. मुंबईचा पत्ता, कायम नोकरी, स्वच्छ नाव. तरी मी थांबवलं. माझी कारणं त्या वेळच्या वहीत आहेत ती तशीच देते.

एक, आमच्या कामात एक न लिहिलेला नियम चालत आलेला: जेलची ओळख जेलमध्येच राहू द्यावी. बाहेर गेल्यावर त्याच बायकांच्या संगतीने पुन्हा आत येणाऱ्या मी पाहिल्या होत्या. दोन, मावशींच्या मुलीकडे मावशींचा तीन वर्षांचा नातू होता, मृत सुनेचा मुलगा. त्याच्या ताब्यासाठी सुनेच्या आईवडिलांनी अर्ज केलेला. मावशींनी पूर्वी एकदा सहज म्हटलं होतं की नंदा सुटली तर नातवाला सांभाळायला बरी. मला त्यात सौदा दिसला. तीन, उद्या नंदा तारखेला गेली नाही तर भुर्दंड त्या मुलीला, आणि तिचा राग आत मावशींवर निघणार.

यातलं दुसरं कारण बरोबर होतं, आजही वाटतं. तिसरं विचारात घेण्यासारखं होतं. पहिलं नुसती सवय होती. मी तिन्ही एकत्र बांधून एकच ‘नाही’ दिलं, आणि ते देताना बोलून गेले, “त्यांच्या केसची झळ तुला कशाला?” नंदा गप्प राहिली. मावशी उठल्या आणि आत गेल्या.

मुख्य म्हणजे मी त्या मुलीला विचारलंच नाही. तिला काय वाटतं, तिला धोका कळतो का, तिची तयारी आहे का. जिने जामीन राहायचं होतं ती माझ्या निर्णयात कुठेच नव्हती.

मधले दोन महिने

माझं वाक्य बॅरकमध्ये माझ्याआधी पोहोचलं. आठवड्याभरात ते असं झालं होतं की नंदाच म्हणाली, मावशीच्या केसपायी माझं अडलंय. मावशींनी सतरंजी उचलून पलीकडच्या रांगेत नेली. बिस्किटांचा, तेलाचा, साबणाचा दहा महिन्यांचा हिशेब त्यांनी चार जणींदेखत मोठ्याने म्हणून दाखवला. नंदाने बादल्या भरणं बंद केलं. चिमी मात्र रात्री तीन अंथरुणं ओलांडून मावशींच्या कुशीत जायची आणि पहाटेच्या गिनतीला परत आईजवळ यायची. दोघींनीही तिला अडवलं नाही.

बाहेरून हे पोरखेळ वाटेल. पण बंदी झाल्यावर सकाळपर्यंत दार बंद, आणि जिच्याशी भांडण झालंय तिच्या कुशी वळण्याचा आवाजही ऐकू येतो. बाहेर आपण भांडलो की निघून जातो. इथे निघून जायला तीन अंथरुणांएवढंच अंतर. नंदाचं जेवण कमी झालं. तिने तारखेला जायचंही टाळलं, तब्येतीचं कारण देऊन. तिच्या खटल्यात ती एक तारीख फुकट गेली.

जानेवारीत मावशींच्या छातीत दुखायला लागलं. जे. जे. रुग्णालयात नेलं, चार दिवस तिथे ठेवलं. परतल्या तेव्हा त्यांची सतरंजी धुऊन, वाळवून जुन्या जागी, भिंतीकडे अंथरलेली होती. दोघी काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या भेटीत मावशी मला म्हणाल्या, “बाई, तुमचा काय तो कायदा बघा. आमचा आमी बघलंव.”

दुसरा निर्णय: पुन्हा त्याच दारात

३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही आत राहिलेल्या कैद्यांबाबत निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहामार्फत कैद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर अट सैल करता येते का हे न्यायालयाने स्वतःहून पाहायचं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हेच विलंबाचं एक कारण आहे, हेही त्यात स्पष्ट म्हटलेलं.

वकीलबाईंनी फेब्रुवारीत नवा अर्ज केला. या वेळी अर्जासोबत दोन तक्ते जोडले: जामीन कधी मिळाला आणि त्यानंतर किती महिने गेले, आणि चिमी सहा वर्षांची कधी होते. न्यायालयाने १०,००० रुपयांचा तात्पुरता रोख जामीन मान्य केला, सहा आठवड्यांत जामीनदार द्यायच्या अटीवर. पैसे आमच्या संस्थेच्या निधीतून भरले. आज असतं तर आधी केंद्राच्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेतून मागितले असते. तीत न्यायाधीन कैद्याच्या जामिनासाठी मदत मिळते. पण ती योजना तेव्हा अर्थसंकल्पात नुकती जाहीर झाली होती.

जामीनदार मात्र हवाच होता. नोव्हेंबरमध्ये ज्या दाराला मी हात लावला नाही तिथेच मार्चमध्ये जावं लागलं.

मावशींची मुलगी कांजूरमार्गला राहते. रात्रपाळी करून आली होती, डोळे तारवटलेले. तिने तीन प्रश्न विचारले. बाई पळून गेली तर माझं काय? आईच्या केसवर याचा परिणाम होईल का? कोर्टात तुम्ही माझ्याबरोबर याल का? पहिल्याचं उत्तर: बंधपत्राची रक्कम भरावी लागू शकते, त्याहून जास्त नाही. दुसऱ्याचं मी वकीलबाईंना तिच्यासमोरच फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, कायद्याने संबंध नाही, समोरची बाजू टोमणा मारू शकेल. तिसऱ्याला हो. सगळं मिळून अर्धा तास लागला. ती म्हणाली, “आईने नोव्हेंबरातच सांगितलं होतं. मला वाटलं तुम्हाला दुसरा कोणी मिळाला.”

नंदाने तिच्या घरी राहायचं नाही, नातवाचं काही काम करायचं नाही, ही माझी अट मी तिला कारणासकट सांगितली. तिने लगेच मानली. ताब्याच्या अर्जाची तिलाच जास्त धास्ती होती.

सुटका आणि नंतर

सुटकेचा कागद आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सात वाजून गेल्यावर नंदा आणि चिमी लहान दरवाज्यातून बाहेर आल्या. नंदाच्या अंगावर जांभळी साडी. ज्या निवारागृहाशी बोलणं झालं होतं तिथे सहानंतर प्रवेश नाही असं फोनवर कळलं. आता तिसरा निर्णय, रस्त्यावर उभं राहून: माझ्या घरी, लॉजवर, की कांजूरमार्गला? कार्यकर्तीने कुणाला घरी न्यायचं नाही हा नियम आहे आणि तो योग्य आहे. मूल बरोबर असताना, कागदपत्रं नसताना लॉज नको वाटलं. मी कांजूरमार्गला फोन केला. स्वतः घातलेली अट मी पाच तासांत मोडली. तिसऱ्या दिवशी नंदा निवारागृहात गेली. काही बिघडलं नाही, पण बिघडू शकलं असतं, आणि निवाऱ्याची वेळ आधी विचारली असती तर हा प्रसंगच आला नसता.

एप्रिलमध्ये जामीनदाराची पडताळणी झाली. आमची रोख रक्कम परत यायला ऑगस्ट उजाडला. जूनमध्ये चिमी पालिकेच्या शाळेत पहिलीत बसली. जन्मदाखला गावाहून आणून दिला तो त्याच भावाने. नंदा सध्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते आणि तिघींत मिळून घेतलेल्या खोलीत राहते. खटला चालू आहे. सुटल्यापासून ती एकही तारीख चुकलेली नाही.

सुटल्यावर दोन महिन्यांनी तिला मावशींच्या मुलाखतीला जायचं होतं. अर्जात रकाना असतो: कैद्याशी नातं. नंदाने लिहिलं, भाची. खिडकीवर पुरावा मागितला. नव्हता. तेवढ्यात तिचा चेहरा ओळखीचा निघाला आणि अर्ज बाजूला ठेवला गेला. ती मला म्हणाली, “ताई, खोटं लिहिलं म्हणून अडलं का खरं कळलं म्हणून?” २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत नातेवाईकांबरोबर मित्रांनाही भेटीची मुभा आहे. आम्ही संस्थेच्या कागदावर अर्ज दिला आणि नात्यापुढे ‘मैत्रीण’ लिहिलं. वरच्या अधिकारी मॅडमनी तो वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

आज काय वेगळं करेन

जूनमध्ये कागद पिशवीत सापडला तेव्हाच वकीलबाईंकडे धावायला हवं होतं. मी भावाच्या मागे चार महिने घालवले, कारण रक्ताचं नातं हा मला सुरक्षित पर्याय वाटला. रोख जामिनाचा अर्ज सप्टेंबरमध्ये जातमुचलक्याच्या अर्जाबरोबरच करता आला असता. सहा महिने तिथेच वाचले असते.

मावशींचा प्रस्ताव मी तुकड्यांत वेगळा करायला हवा होता. जामीन राहणं एक, घरी राहणं दुसरं, नातवाला सांभाळणं तिसरं. पहिल्याला हो आणि बाकी दोन्हींना नाही, हे नोव्हेंबरातच शक्य होतं. आणि आत बोललेलं वाक्य चार भिंतींत किती वेळा उसळतं, याचं भान ठेवायला हवं होतं.

मैत्रिणीचा जामीन दर वेळी तरतो असं नाही. दुसऱ्या एका प्रकरणात सुटलेली बाई तारखांना जायची बंद झाली, जामीन राहिलेल्या भावाला नोटीस गेली, आणि आत राहिलेल्या त्याच्या बहिणीशी घरच्यांनी सहा महिने बोलणं टाकलं. त्यामुळे आता मी मुलाखतीच्या आधी जामीनदाराच्या घरी जाते, तिचे प्रश्न लिहून घेते, आणि उत्तर माहीत नसेल तर तिच्यासमोरच वकिलांना फोन लावते.

आमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर ‘घरचे कोण’ याखाली मी एक ओळ वाढवली: आत जवळचं कोण? बैठकीत एका विश्वस्तांनी विचारलं, याचा उपयोग काय. मी हे प्रकरण सांगितलं. ओळ राहिली. काही जणी तिथे नाव लगेच सांगतात, काही जणी मान हलवतात, आणि दोघी-तिघी अशा निघाल्या की ज्यांचं नाव त्यांनी सांगितलं ती बाई दुसऱ्या तुरुंगात हलवली गेली होती.

मावशींचा खटला अजून साक्षीपुराव्यावर आहे. पहिल्या भेटीला नंदाने जांभळी साडी धुऊन, इस्त्री करून नेली होती. झडती होऊन ती आत गेली. पुढच्या महिन्यात कोर्टाच्या आवारात गाडीतून बायका उतरत होत्या, त्यांत मला ती साडी दिसली. नेसलेली बाई माझ्या ओळखीची नव्हती. पदराला कडेने नवीन टीप घातलेली होती, पांढऱ्या दोऱ्याने.